काटा चाळीस दाखवतो तेव्हा

२ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. कारण निव्वळ तांत्रिक. गाडीच्या नोंदी एका जागी राहाव्यात एवढंच. मनातलं लिहिण्यासाठी नव्हे. मनात तसं काही नाही.

लेकीला नववा लागलाय. जावई जहाजावर इंजिनियर, तो किनाऱ्याला लागेपर्यंत मूल रांगायला लागलेलं असेल. म्हणजे वेळ आली की तिला दवाखान्यात न्यायची जबाबदारी माझी. दवाखाना शेजारच्या मोठ्या शहरात, बावीस किलोमीटरवर. वाटेत लांब उतार, अरुंद पूल, आणि माझ्याखेरीज सगळ्यांना घाई. मी घरात जाहीर केलंय की माझी मुलगी माझ्या गाडीतून जाईल आणि गाडी मी चालवीन. विषय संपला.

मेव्हण्याने चहाच्या वेळी तो परत सुरू केला. म्हणाला, भाऊजी, तुमच्या स्पीडने निघालात तर पोर वाटेतच होईल आणि दवाखान्याच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढेल. बायको हसली. लेकीला हसलं की पोटात दुखतं, तरी तीही हसली. घरच्यांनीच असं करावं याचं वाईट वाटलं.

मी चाळीसच्या वर जात नाही, हे खरं. पण ते तत्त्व म्हणून.

३ फेब्रुवारी, सकाळ

अंघोळ करताना विचार आला आणि साबण हातातून सुटला. माझा चाळीस हा खरोखर चाळीस आहे का?

मी वजनमापे निरीक्षक. अठ्ठावीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासतोय. कुणाचा काटा केसभर हलला तर मला झोप येत नाही. आणि स्वतःच्या गाडीच्या काट्यावर बारा वर्षं आंधळा विश्वास. गाडी माझ्याआधी तिघांनी वापरली आहे. त्यांनी पोटातलं काय काय बदललं असेल कुणास ठाऊक.

निश्चय: स्पीडोमीटर तपासल्याशिवाय लेकीला त्या गाडीत बसवायचं नाही. तोवर गाडी बाहेर काढणेही बंद.

बायकोने विचारलं, तोवर म्हणजे कधीपर्यंत. मी म्हणालो, अशा कामात घाई करून चालत नाही. ती म्हणाली की तुमच्या कामाला नसेल, बाळाला असेल. तिला टेक्निकल गोष्टींची आवड नाही.

५ फेब्रुवारी

गाडीचं मॅन्युअल रात्रंदिवस डोक्यात. समजलेलं थोडक्यात लिहून ठेवतो. इंजिनाकडून मागच्या चाकांकडे एक लांब दांडा जातो, तो शाफ्ट. शाफ्ट फिरतो, त्याच्या टोकाचं डिफरन्शियल ते फिरणं चाकांना वाटून देतं. शाफ्टचे किती फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो, याला म्हणतात रेशो. माझ्या गाडीचा रेशो चार पूर्णांक एक दशांश. स्पीडोमीटरची वायर शाफ्टच्या बाजूने निघते. म्हणजे मीटर चाकाकडे बघतच नाही. शाफ्टचे फेरे मोजतो आणि रेशो चार पूर्णांक एक असणार असं गृहीत धरून आकडा सांगतो.

आता कुणी मधल्या काळात दुसरंच डिफरन्शियल बसवलं असेल तर? मीटर आपला जुन्याच हिशेबाने बोलत राहणार, आणि गाडी भलत्याच वेगाने जात असणार.

बायको म्हणाली गॅरेजमध्ये दाखवा. दाखवणार नाही. मागे एकदा ब्रेक लावल्यावर गाडी थांबते अशी तक्रार घेऊन गेलो होतो. माझं म्हणणं होतं की फार एकदम थांबते. तिथली माणसं अजून मला बघून हसतात.

८ फेब्रुवारी

तपासणी केली. सविस्तर लिहितो.

गाडी अंगणात सपाट जागी. न्यूट्रलमध्ये. पुढच्या चाकांना दोन्हीकडून विटा. मागचं डावं चाक जॅकवर उचललं. मग मागची चाकं मोकळी फिरावीत म्हणून हँडब्रेक सोडायचा असतो. जॅकवर चढलेल्या गाडीचा हँडब्रेक. मी तीनदा दार उघडून तीनदा बंद केलं. शेवटी बायकोने आत हात घालून सोडला आणि मला बाजूला व्हायला सांगितलं. मी बाजूलाच होतो, कुंपणापाशी.

शाफ्टवर आदल्या दिवशीच पांढऱ्या रंगाची खूण केली होती. मोजायला गाडीखाली जायचं ठरलं होतं. ऐन वेळी माझ्या लक्षात आलं की खालून तिरकं बघितलं की मोजणी चुकते, पॅरलॅक्स एरर येतो. म्हणून बायकोचा आरसा गाडीखाली सरकवला आणि कुंपणापासून बॅटरीच्या उजेडात बघत राहिलो. बायकोने चाकावरची खडूची खूण परत वर येईपर्यंत चाक एक पूर्ण फेरा फिरवलं.

शाफ्टचे फेरे: दोन आणि वर किंचित.

परत करून बघितलं. दोन आणि वर किंचित. तिसऱ्यांदा बायको म्हणाली की आता भाजी जळेल.

म्हणजे चारच्या जागी दोन. निम्मा रेशो. म्हणजे शाफ्टच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाकं दुप्पट धावतायत, आणि मीटरला त्याचा पत्ता नाही. काटा चाळीस दाखवतो तेव्हा गाडी ऐंशीने जात असते.

मी बारा वर्षं ऐंशीने गाडी चालवतोय.

९ फेब्रुवारी

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. शाळेजवळचं वळण आठवलं. ते मी नेहमी वीसवर घेतो, म्हणजे चाळीसने घेत होतो. बाजारातली गल्ली आठवली. सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं ते आठवलं, त्या दिवशी रस्ता मोकळा होता म्हणून मी पंचेचाळीसपर्यंत गेलो होतो. दुप्पट केले आणि उठून पाणी प्यायलो. सासूबाई त्या दिवशी गाडीत झोपल्या होत्या असं मी समजत होतो. त्या बेशुद्ध पडल्या असणार.

दुपारी मात्र दुसरी बाजू दिसली. ऐंशीचा वेग, तोही गल्लीबोळातून, आणि बारा वर्षांत गाडीला ओरखडा नाही. हे कौशल्य कुणाकडे असतं? मेव्हण्याला फोन करून सांगितलं. त्याला ठसका लागला. बराच वेळ लागलेला होता.

मग मागून हॉर्न वाजवत मला ओलांडून जातात ते शंभर-दीडशेने जात असणार. या लोकांना घरी कुणी वाट बघणारं नाही काय?

१२ फेब्रुवारी

खात्री करून घ्यायला शेजाऱ्यांचा जॅक मागून आणला. आता मागची दोन्ही चाकं वर. बायकोने डावं चाक पुढे फिरवलं. मी कुंपणापाशी.

उजवं चाक आपोआप उलटं फिरलं.

कुणी हात लावला नव्हता. एक चाक पुढे, दुसरं मागे, आणि शाफ्ट जागच्या जागी, हूं की चूं नाही. ज्या गाडीच्या दोन चाकांचंच आपापसांत पटत नाही, त्या गाडीत लेकीला बसवायचं?

आत जाऊन आकडेमोड केली. शाफ्टचे फेरे शून्य, म्हणून रेशो शून्य. भागाकार केला तर वेग अनंत येतो. हा आकडा नोंदीतून वगळतोय. आधीचा दुप्पटच कायम.

लेक गॅलरीतून बघत होती. म्हणाली, बाबा, पुढच्या आठवड्यात केव्हाही होईल असं डॉक्टर म्हणालेत, गाडीला चाकं लावलेली असतील ना तोवर. मी म्हणालो चाकं लावलेलीच आहेत, प्रश्न वेगळा आहे. चेहरा सुजलाय तिचा. लहानपणी गालगुंड झालं होतं तेव्हा अशीच दिसायची.

१५ फेब्रुवारी

रोड टेस्ट. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड, बायकोच्या हातात घड्याळ. नव्या हिशेबाप्रमाणे काटा वीसवर ठेवला, म्हणजे खरे चाळीस. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत दीड मिनिट लागायला हवं. बायको म्हणाली साडेतीन मिनिटं होत आली.

तिने घड्याळ उशिरा थांबवलं असणार. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. तेव्हा लक्षात आलं की त्या दोन दगडांमधलं अंतर एक किलोमीटर आहे याला पुरावा काय? उतरून नीट बघितलं. दगडावर कुणाचाही शिक्का नाही, तपासणीची तारीख नाही. अशा मापाशी तुलना करण्यात अर्थ नाही. टेस्ट रद्द.

येताना एका सायकलवाल्याने आम्हाला ओव्हरटेक केलं. कॅरियरला पाण्याचा मोठा जार बांधलेला. चाळीसच्या वर वेग, मागे जार, आणि एका हाताने फोन कानाला. बायकोला म्हणालो, बघ, असे लोक मरतात. ती खिडकीबाहेर बघत होती. खांदे हलत होते तिचे. घाबरली असावी.

१८ फेब्रुवारी

कॅलिब्रेशन पूर्ण.

कार्डपेपरची गोल पट्टी कापली, त्यावर सुधारित आकडे काढले आणि मीटरच्या काचेवर चिकटवली. वीसच्या जागी चाळीस, चाळीसच्या जागी ऐंशी. अक्षर चांगलं आलंय. कोपऱ्यात तारीख आणि माझी सही. ऑफिसमध्ये असतो तसा शिक्का मारायचा मोह झाला, पण खाजगी कामाला सरकारी शिक्का वापरत नाही मी.

आता भीतीचं कारण उरलं नाही. भीती कधी नव्हतीच, पण आता कारणही नाही.

मेव्हणा येऊन बघून गेला. पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग बहिणीकडे. नेहमीसारखा हसला नाही. म्हणाला, भाऊजी, मी माझी गाडी घेऊन चार दिवस इथेच राहायला येतो. मी नको म्हणालो. आवाज थोडा चढला माझा. लेकीचा बाप जिवंत असताना मामाने का न्यावं?

२१ फेब्रुवारी

तपासणीसाठी तिघं दवाखान्यात गेलो. रंगीत तालीमच म्हणा. पट्टीप्रमाणे सरळ चाळीस ठेवला, पुलावर वीस, उतारावर दहा. एका ट्रॅक्टरच्या मागे बराच वेळ होतो. नंतर तो पुढे निघून गेला.

पोचलो तेव्हा डॉक्टर बाई घरी गेल्या होत्या. काउंटरवरची बाई म्हणाली, तुमची वेळ सकाळची होती. लेक बाकावर बसून राहिली, पाय टम्म सुजलेले. तिला पाणी हवं होतं ते आणायला गेलो आणि भलत्याच मजल्यावर उतरलो. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी तपासलं. बाळ खाली सरकलंय म्हणे, घरून निघायला उशीर करू नका.

घरी आल्यावर बायको स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली की माझ्यासाठी मी कधी काही मागितलं नाही, पण या वेळी माझ्या भावाला चालवू द्या. मी तिला रेशो परत समजावून सांगितला. ती ऐकून घेत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. कांदा चिरलेला दिसला नाही.

वाटेत काही झालं तर? हे लिहून ठेवतो, कारण तोंडाने म्हणवत नाही. जोरात चालवली आणि काही झालं तर? मी केलेलं असेल ते.

२४ फेब्रुवारी, दवाखान्याचा व्हरांडा

लेक आत आहे. मला बाहेर बसवलंय. रोजनिशी खिशात होती म्हणून लिहितोय, नाहीतर काय करायचं कळत नाही.

सकाळी नाश्ता चालू असताना लेकीचं पाणी गेलं. बायकोने एका हाताने पिशवी उचलली आणि दुसऱ्या हाताने फोन. मी किल्ल्या शोधत होतो. किल्ल्या माझ्या हातातच होत्या.

निघालो. दोघी मागच्या सीटवर. काटा पट्टीच्या चाळीसवर धरला. लेक पहिल्यांदा हळू कण्हत होती. मग आवाज बदलला. तसला आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी काट्याकडे बघितलं. चाळीस. मागून हॉर्न. काट्याकडे बघितलं. अडतीस. बायको म्हणाली अहो, जोरात घ्या. मी म्हणालो चाळीस आहेत. ती ओरडली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

पूल ओलांडल्यावर लेकीने मागून माझा खांदा धरला. म्हणाली, बाबा, मला भीती वाटतेय.

मी म्हणालो, मलाही.

कसं तोंडातून निघालं माहीत नाही. ती म्हणाली, मला माहितीये. मग दोन सीटच्या मधून पुढे वाकली, कळ येत असताना, आणि बाळासाठी आणलेलं दुपटं मीटरवर टाकलं. म्हणाली, आता रस्त्याकडे बघा.

त्यानंतर किती वेगाने गेलो ते सांगता येत नाही, मोजायला काही नव्हतं. झाडं मागे जात होती. कानात वारं वाजत होतं. एका वळणावर चाकं किंचाळली, किंवा मी. निदान शंभर असणार. त्याहून जास्तच. दवाखान्याच्या दारात ब्रेक मारला तेव्हा पाय पेडलवरून उचलेना, वॉचमनने दार उघडून मला खांद्याला धरून उतरवलं. पेशंट मीच आहे असं त्याला वाटलं. लेक आपल्या पायांनी पायऱ्या चढून गेली.

पोचलो. वेळेत पोचलो. मी आणलं तिला.

मेव्हणा मागोमाग आला, स्कूटरवर; बायकोचा फोन आल्यावर हाताला लागलं ते घेऊन निघाला होता. हेल्मेट काढलं आणि माझ्याशेजारी बसला.

त्याच दिवशी, दुपार

मुलगी. दोघी सुखरूप. बायको बाहेर येऊन सांगून गेली, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. माझं नाक वाहत होतं. व्हरांड्यात एसी फार आहे.

२५ फेब्रुवारी

जावयाचा जहाजावरून फोन. आधी तो बराच वेळ रडला, मग मी बरा आहे का असं त्याने विचारलं. मी त्याला कालच्या ड्रायव्हिंगबद्दल सांगितलं आणि ओघात रेशोचा शोधही सांगितला. इंजिनियर माणूस, त्याला कदर असेल.

त्याने फार हळुवारपणे विचारलं, बाबा, तुम्ही एकच चाक उचललं होतं का? मी हो म्हणालो. दुसरं जमिनीवर टेकलेलं होतं का? हो. तो म्हणाला की मग टेकलेलं चाक हलत नाही आणि त्याच्या वाटचं फिरणं उचललेल्या चाकाला जातं. ते दुप्पट फिरतं. फेरे मोजून झाले की दोनने गुणायचं असतं. दोन्ही उचलली तर एक पुढे, एक मागे, तेही बरोबरच आहे, डिफरन्शियल त्यासाठीच असतं. दोन आणि वर किंचित दुणे चार पूर्णांक एक. गाडीत काहीही बिघाड नाही.

नंतर त्याने टायर विचारले. मागच्या वर्षी मी थोडे लहान आकाराचे घेतले होते, दुकानदार म्हणाला होता चालतात. जावई म्हणाला, मग काटा जरा जास्तच दाखवत असणार. काटा चाळीस दाखवतो तेव्हा गाडी पस्तीसने जाते.

म्हणजे पट्टीवरचे चाळीस म्हणजे जेमतेम सतरा-अठरा. त्या सायकलवाल्याची मनातल्या मनात माफी मागितली.

तरी काल दुपटं टाकल्यावरचा वेग वेगळाच. तो मीटरवर नव्हताच, तेव्हा चुकण्याचा प्रश्न नाही. मेव्हण्याला विचारलं, तू मागे होतास, तुझ्या स्कूटरवर किती दाखवत होता? तो आधी सांगेना. मी खनपटीलाच बसलो. शेवटी म्हणाला, भाऊजी, पुलानंतर जरा वाढवलात तुम्ही. पस्तीसला पोचला होतात. एकदा तर अडतीस.

मग म्हणाला की पुलाआधी मात्र तोल सांभाळायला पाय खाली टेकवावे लागत होते.

२७ फेब्रुवारी

आज दोघींना घरी आणलं. गाडी मेव्हण्याने चालवली. मी आक्षेप घेतला नाही. त्याने बसताच माझी पट्टी नखाने खरवडून काढली, सहीसकट, आणि माझ्या हातात दिली. काच स्वच्छ पुसली.

बाळ लेकीच्या मांडीवर, बायको तिच्या एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. पुढची सीट रिकामी होती. पुढे बसलं की काटा दिसतो, म्हणून मागे.

तो साठने गेला असेल. मी डोळे मिटून घेतले. बायकोने विचारलं झोप लागली का. मी हो म्हणालो. लेकीने माझा हात ओढून आपल्या हातात घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. तीन दिवसांपूर्वी बाळंत झालेली पोर, आणि मला धीर देत होती.

समोरून ट्रक आला तेव्हा मी ओरडलो, असं मेव्हण्याचं म्हणणं आहे. बायकोही तेच म्हणते. बाळ मात्र जागं झालं नाही.